भाऊंचा माणूस

भाऊंचा फोन आला की गुलाबशेठ उठून उभे राहत. तोंडात घास असला तरी. राहू गावात त्यांची गुऱ्हाळं, भांडगावला हायवेवर हॉटेल. मी त्या हॉटेलचा मॅनेजर. एकदा मी म्हटलं, "शेठ, तुम्ही उभे की बसलेले, हे फोनवर भाऊंना कुठं दिसतंय?"

"त्यांला न्हाई दिसत. मला दिसतंय न्हवं?"

भाऊ निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा शेठनी हॉटेलच त्यांना प्रचारासाठी देऊन टाकलं. गाड्या शेठच्या, मांडव शेठचा, पंगतीही शेठच्याच. गूळवाले, पंपवाले, वीटभट्टीवाले कुरकुरले, तर शेठ त्यांनाच दम देत. "आपला माणूस हाय. त्यो खुर्चीत बसला म्हंजी आपुनच बसलो." भाऊ निवडून आले, तेव्हा शेठ अंगावरचा गुलाल धुवायलाही तयार नव्हते.

पुढे हायवेवर दुभाजक आला आणि आमच्या हॉटेलासमोरचा, गाड्या वळायचा कट बंद झाला. पलीकडचे ट्रकवाले हॉर्न वाजवून, हात हलवून निघून जात. नवा कट पडला तो नेमका भाऊंच्या मेव्हण्याच्या नव्या हॉटेलासमोर. बाकीची शेठमंडळी भाऊंच्या नावानं बोटं मोडायची, आणि जेवायला मेव्हण्याकडेच जायची.

शेठ फोन लावत. "साहेब मीटिंगमध्ये आहेत," हे उत्तरही ते उभ्यानंच ऐकत. शेवटी आम्ही दोघं भाऊंच्या ऑफिसात गेलो. तिथल्या नव्या पीएनं विचारलं, "काका, काय काम होतं?"

"काम माझं न्हाई, बाळा. तुझ्या सायबाला कामाला मीच लावलाय."

दुपार कलल्यावर भाऊ बाहेर आले. कोपऱ्यातल्या ढिगातली एक शाल त्यांनी शेठच्या खांद्यावर टाकली. "शेठ, तालुक्याच्या विकासासाठी तुम्ही केवढा त्याग केलात!" एवढं बोलून ते गाडीत बसले. शेठनी शालीची घडी घातली आणि ती परत ढिगावर ठेवली.

"त्याग करणाऱ्याला आधी इचारत्यात," ते मला म्हणाले. "न इचारता नेलं, तर त्याला चोरी म्हंत्यात."

हॉटेल बंद झालं. शेठ आता फोनवर बसून बोलू लागले, पण पलीकडे भाऊ नसत. त्याच वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानं ते गेले.

दहाव्याला भाऊ नदीकाठी आले. आमच्याकडे पुढारी आला की माईक आपोआप त्याच्या हातात जातो. भाऊंनी माईकवर फुंकर मारली. "गुलाबशेठ मला वडिलांच्या ठिकाणी होते. मी त्यांचा थोरला मुलगाच!"

शेठची दोन्ही मुलं मुंडण करून ओलेत्यानं बसली होती. त्यांच्या आईनं, आमच्या काकूंनी, पदर सारखा केला आणि बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "मंग भाऊ, न्हावी अजून घाटावरच हाय. थोरल्याची डोई आधी करत्यात. या करून, मग बोला."

भाऊंचा हात दाट, नीट भांग पाडलेल्या केसांवर गेला. मग त्यांनी घड्याळ पाहिलं आणि माईक खाली ठेवला. निमोण्याला आणखी एका दहाव्याला पोचायचं होतं म्हणे.