कानबाईच्या रविवारी नवागामात

सुरतला उतरले तेव्हाच जीव आंबला होता. परगावच्या मराठी माणसांपर्यंत संस्थांचे निरोप पोहोचवणं हा आमच्या कंपनीचा धंदा. या खेपेचा निरोप सुरतेच्या नवागाम वस्तीतल्या खानदेशी बायकांसाठी होता: स्तनांची मोफत तपासणी, फिरती गाडी, आत डॉक्टरीणबाई. गाडी एकच दिवस थांबणार. पुण्यात बसून श्रावणातला रविवार मीच सुचवला होता, सुट्टीचा म्हणून. पोस्टरवर लिहिलं होतं, 'आपल्या माणसांसाठी'.

शनिवारी गल्ल्या पालथ्या घातल्या. यंत्रमागांच्या खडखडाटात बोलून घसा बसला. दारोदारी बायका साड्यांवर खडे चिकटवत होत्या. सगळ्या म्हणाल्या, "देखसूत" (बघू). आमच्या धंद्यात 'बघू' म्हणजे होकारच धरतात. त्यांतल्या सुनंदाबाई मात्र जिन्यापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टर बाईच शे ना? माले गाठ लागस. घरमा कोनले सांगेल नही."

"उद्या नक्की या," मी म्हटलं.

रविवारी गाडी आली, मांडव घातला, पण माणूस फिरकलं नाही. दुपारी सुनंदाबाईंचं घर गाठलं. आत अख्खी भावकी जमलेली, पुरण शिजत होतं, चौरंग सजत होता.

"आज कानबाई बसस, ताई. घरनी बाई कशी निंघी?" सुनंदाबाई म्हणाल्या.

कानबाई ही खानदेशाची देवी. श्रावणातल्या एका रविवारी ती घरोघरी बसते आणि सोमवारी तिला नदीवर बोळवतात. मी नेमका तोच रविवार गाठला होता.

"मग काल का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतल्या दूरथीन उन्यात (आलात). तोंडवर नही कसं म्हनानं?"

सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि पुरणाचा वास छळत होता. त्या ओशाळून म्हणाल्या, "हाऊ रोट शे (कुळाचा प्रसाद). भाऊबंदसलेच चालस." मला चहा मिळाला. 'आपल्या माणसांसाठी'वाल्या बाईने तो उंबऱ्याशी बसून निमूट प्यायला.

साहेबांना फोन केला, गाडी उद्यापर्यंत थांबवा म्हणून. ते म्हणाले, "रिकाम्या मांडवाचे फोटो तेवढे पाठवू नका." संध्याकाळी गाडी गेली.

सोमवारी कानबाईला तापीत बोळवून बायका परतल्या. सुनंदाबाईंचा पदर ओला होता.

"गाडी कोठे शे?"

"गेली."

"ऱ्हाऊ द्या. पुढला साले गाडी कानबाईना दिन सोडीसन ठेवज्यात."

मला संताप आला, कोणाचा ते अजून कळत नाही. "वर्षभर थांबायचं नाही. चला, रिक्षात बसा." माझी परतीची गाडी गेली ती गेलीच.

सरकारी दवाखान्यातल्या बाकड्यावर आम्ही नंबर लागायची वाट बघत बसलो. नाव पुकारल्यावर त्यांनी मंगळसूत्र काढून माझ्या हातात ठेवलं. "सांभाळज्यात." दोन दिवसांची ओळख आमची. मी मूठ आवळून बसून राहिले. बाहेर आल्या तेव्हा त्या घामाने भिजल्या होत्या. सुईने गाठीतला नमुना तपासायला घेतलाय, निकालाला वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाल्या. निकाल कळला की फोन करा, म्हणून मी सुनंदाबाईंना माझा नंबर दिला.

पुण्यात साहेबांनी विचारलं, "किती जणी आल्या?"

"एक."

ते हसले. त्यांना थट्टा वाटली.

आता पुढच्या शहराच्या बैठका सुरू झाल्यात. पोस्टर, घोषवाक्य, रविवार, सगळं पुन्हा तेच. बैठकीत फोन बंद ठेवायचा आमच्याकडे नियम आहे. मी चालू ठेवते. सुनंदाबाईंचा फोन अजून आलेला नाही.