अक्काच्या गल्लीतला शॉर्टकट

अक्का गेली. तिच्या छातीत माझ्या टेम्पोचा धूर होता.

कुणी तसं म्हटलेलं नाही. मीच म्हणतोय.

मी दुधाचा टेम्पो चालवतो. रोज सकाळी वारणानगर ते कोल्हापूर.
तीन वर्षांपूर्वी मोबाईलच्या मॅपनं शहरातली एक गल्ली दाखवली. सिग्नल टळायचा, तीन मिनिटं वाचायची. मग काय, रोज तिथनंच. माझ्यासारखे आणखी कितीतरी.

गल्ली एवढीशी. समोरून कुणी आलं की रिव्हर्स घ्यायचा. इंजिन धडधडत असायचंच.

तिथं अक्का एकटी राहायची. दारात मशीन टाकून ब्लाऊज शिवायची. पदरात तोंड धरून खोकायची.

मला दिसायचं.
मी काच वर घ्यायचो.

एक दिवस ती गल्लीच्या मधोमध उभी राहिली.

"पावणं, आधी गाडी बंद करा. हिकडनं का जाता रोज?"
"तीन मिनिटं वाचत्यात, अक्का."
"आन् त्या तीन मिनिटांत काय करता?"
"च्या पितो."
"मग हितंच प्या की. बसा."

टेम्पो कडेला लावून पायरीवर बसलो. गाड्या जातच होत्या. चहा संपायच्या आत मलाच ठसका लागला.
अक्कानं पाणी दिलं.

दुसऱ्या दिवसापासून मोठा रस्ता धरला. सिग्नलला इंजिन बंद.

महिन्याभरात लक्षात आलं, डिझेल जास्त दिवस पुरतंय. अंतर थोडं वाढलं होतं, पण गल्लीतला फर्स्ट गिअर, ब्रेक, रिव्हर्स सगळं सुटलं होतं.

ड्रायव्हरांच्या ग्रुपवर टाकलं. निम्मे हसले. "समाजसेवक झालास काय रं?"
सात-आठ जणांनी मात्र रस्ता बदलला.

पुढं मी रविवारी चालत अक्काकडं जायला लागलो.
"आलास व्हय?" म्हणायची, आणि चहा टाकायची.

काल दवाखान्यात ती गेली.

तिची लेक महादेवीताई बाहेर बाकावर बसली होती. धीर करून विचारलं, "ताई, आमच्यामुळं झालं का वो?"

ताईनं बाकावर सरकून जागा दिली.

"दमा जुनाच होता, दादा. पण खोटं कशाला बोलू, गाड्यांनी वाढवला."
मग डोळे पुसत म्हणाली, "ह्या हिवाळ्यात मात्र आई खिडकी उघडी टाकून झोपली. लई दिसांनी."

आज अक्काला न्यायच्या वेळी मी गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. एक कार आत वळली. मी हात आडवा केला.

"अहो, मॅप हिकडनंच दाखवतोय."
"दाखवतोय, व्हय. पण आमचं माणूस गेलंय. मोठ्या रस्त्यानं जावा."

त्यानं बाहेर बघितलं. इंजिन बंद केलं, खाली उतरला, हात जोडले.
अक्का पुढं गेल्यावर त्यानं गाडी मागं घेतली.

अक्का, एवढे रविवार आलो, पण माफी मागायची राहूनच गेली.
आज मागतो.

सावकाश जा. तुला मनापासून शेवटचा नमस्कार.