टोकाची कमान

बोरझिरी ग्रामपंचायतीचा शिपाई सकाळपासून तिसऱ्यांदा आला तेव्हा झुलाल मिस्तरी ओट्यावर बसून गुडघ्याला एरंडाचं पान बांधत होता. शिपाई दारातूनच ओरडला, "नाना, चार वाजता सभा शे. सरपंच म्हने, नानाले संगेच लई ये."

"येसू. आंधी ह्या पायले इचार."

झुलाल एकाहत्तरचा. चुन्यात काम करणारा गवंडी. बैलाच्या घाणीवर चुना मळणं, त्यात गुळाचं पाणी नि बेलफळाचा चीक किती घालायचा, हे सगळं ठाऊक असलेला त्या भागातला बहुतेक शेवटचाच माणूस. पण आता चुना लागतो कोणाला? पोरगा ज्ञानेश्वर धुळ्याला देवपुरात टाइल्स बसवतो. रविवारी फोन करतो आणि दर वेळी तेच सांगतो, आबा, थापी ठेवी दे आते. थापी कधीच ठेवली होती. गुडघे गेले, छातीत पन्नास वर्षांची धूळ बसली, आणि सकाळी उठलं की पहिला अर्धा तास खोकण्यातच जायचा.

बाप झिपरू हाही गवंडीच. बापलेकांनी फैजपूरपासून धुळ्यापर्यंत कामं केली. कुठे केळीच्या व्यापाऱ्याच्या माडीचा गिलावा, कुठे दर्ग्याच्या घुमटाची डागडुजी, कुठे गोऱ्या साहेबाच्या काळातल्या बंगल्याच्या भिंती, कुठे महादेवाचं शिखर. झिपरू जिथे जाईल तिथलं काहीतरी उचलायचा. घुमटावर हात फिरवून आणायची ती काचेसारखी चकाकी त्याने शिखरावर आणली आणि शिखरावरची कमळाची पाकळी व्यापाऱ्याच्या माडीवर नेऊन चिकटवली. कोणी विचारलं तर म्हणायचा, "दखाले चांगलं लागस." त्यापुढे त्याने कधी विचार केला नाही. घरी येऊन भाकरी खायची आणि झोपायचं.

झिपरूची ती सगळी कामं एकेक करून गेली. माड्या पाडून स्लॅब पडले, घुमटाला ऑइलपेंट लागला. उरली ती फक्त बोरझिरीची वेस. गावात शिरताना लागणारी दगडी कमान, वर टोक काढलेली.

भांडण त्या टोकावरूनच होतं.

सरपंच रुपचंद पाटलाने धुळ्याला अर्ज केला होता की आमची वेस सुलतानांच्या काळातली, चारशे वर्षांची, तिच्या दुरुस्तीला वारसा म्हणून निधी मिळावा. देवपुरातल्या कॉलेजात शिकवणारा जितेंद्र शनिवार-रविवार गावी यायचा, त्याच्या मागे पंधरा-वीस तरुण होते आणि गावही हळूहळू त्यांच्याकडे झुकत होतं. त्याचं म्हणणं, चारशे वर्षांची गुलामीची खूण पदराला खार लावून कशाला जपायची? पाडा, आणि तिथे आपल्या पद्धतीची नवी कमान उभारा. चारशे वर्षांबद्दल दोघांचंही एकमत होतं. धुळ्याच्या अधिकाऱ्याने सांगितलं, ग्रामसभेचा ठराव आणा, आणि बांधकामाची माहिती असलेल्या माणसाचं म्हणणं त्यात लिहा. वेशीला शेवटचा हात लावलेला माणूस गावात एकच जिवंत होता.

दुपारी बायकोने, भागाबाईने, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढ्यात ठेवला. झुलाल नुसता तुकडे मोडत बसला.

"काय सांगशी तठे?" तिने विचारलं.

"दखसू."

"दखसू काय? खरं सांगशी ते मन्हा सासराले बठ्ठं गाव शिव्या दी. नही सांगशी ते वेस पडी."

"मंग काय करू?"

"माले काय पुसस? जेव. भाकर थंडी व्हयनी."

खरं काय ते गावात ह्या दोघांनाच ठाऊक होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि त्र्याहत्तरच्या पावसात जुनी वेस पडली. ती कमान गोल होती, अर्धं जातं उभं करावं तशी. झिपरूला काम मिळालं, पण कमान बांधायची तर खाली लाकडाचा साचा लागतो. साच्यावर दगड रचायचे, मधला दगड ठोकून बसवायचा, चुना धरला की साचा काढून घ्यायचा. गावात लाकूडच नव्हतं. दुष्काळात होतं नव्हतं ते बाभूळ-निंब चुलीत नाहीतर बाजारात गेलं होतं. झिपरूला दर्ग्याच्या कामावर भेटलेला फैजपूरचा उस्ताद आठवला. त्याच्या वखारीत मशिदीच्या दरवाजाचा साचा पडून होता. झिपरू बैलगाडीत घालून तो घेऊन आला. वेशीपाशी उतरवला तेव्हा दिसलं, साचा वर टोकाचा आहे आणि दोन्ही बाजूंनी हात-हातभर अरुंद.

झिपरूने वितीने मोजलं. एक बिडी संपेपर्यंत बसून राहिला. मग म्हणाला, "टोक ते टोक. बाजूले भर घाल."

वीस वर्षांच्या झुलालने दोन्हीकडे हातभर भर घातली. त्याआधी पाया मोकळा केला होता. अगदी तळाला काळे घडीव दगड निघाले, एकावर अर्धं झिजलेलं कमळ. त्यावर बोटभर जाडीच्या चपट्या विटा. त्यावर गोऱ्या साहेबाच्या काळातला दगड, सालाचा आकडा कोरलेला. झुलालने विचारलं, हे कोणाचं, ते कोणाचं? झिपरू म्हणाला, "दगड चांगला शे. ऱ्हाऊ दे." आणि त्यावर आपलं काम चढवलं.

वेस अरुंद झाली असं कोणी म्हटलंच तर झिपरू बेधडक सांगायचा, "पयलेबी इतलीच व्हती." लोक दुष्काळातून उठलेले, कोण दोरी घेऊन मोजतो? दहा वर्षांत गोल कमान विसरली गेली; झिपरूने पडलेली वेस होती तशी उभी केली, एवढंच ध्यानात राहिलं. पुढे पुढे पोरांना शाळेत इतिहास शिकवताना मास्तर बोट दाखवायला लागले. पन्नास वर्षांत झिपरूची कमान चारशे वर्षांची झाली.

चार वाजता पंचायतीच्या सभागृहात पंखे फिरत होते आणि वारा लागत नव्हता. झुलाल खुर्चीत बसला, खोकला, पाणी प्याला. जितेंद्र उभा राहिला. बोलायला तो चांगला होता.

"नाना, तुम्हाला त्रास नाही देत. माझा एकच प्रश्न आहे. आपल्या वेशीला हे जे टोक आहे, ते कोणी काढलं? एवढंच सभेला सांगा."

रुपचंद घाईने म्हणाला, "सांगी द्या नाना, सुलताननं. दोन्हीसनं काम व्हई जाई."

झुलालने गुडघ्यावरचं पान नीट केलं. त्याला एकदम कंटाळा आला होता. सुलतानावर ढकललं की घरी जाऊन आडवं होता येणार होतं. वेस पडली असती, पण पडल्यावर तिच्यासाठी परत सभेला तरी यावं लागलं नसतं.

"टोक मन्हा बापनं शे," तो म्हणाला.

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. झुलालने सगळं सांगितलं. दुष्काळ, साचा, बैलगाडी, हातभर भर. खोकत खोकत सांगितलं, मध्ये दोनदा थांबला. पायाच्या दगडावरचं कमळ सांगावं की नाही ह्यावर क्षणभर अडला. मग तेही सांगून टाकलं, विटाही सांगितल्या, साहेबाचा आकडाही. "ज्यानं राज्य वनं त्यानं वर आपला थर टाका. खालना काढाले कोनीच बठनं नही. आम्हीबी नही."

सभागृहात गलका झाला. मागून कुंदन ट्रॅक्टरवाला उठला. "म्हंजे नाना, आम्हनी ट्रॉली इतला वरीस तुन्हा बापमुये घासाई ऱ्हायनी?"

"हा."

"आन् तो सांगे पयलेबी इतलीच व्हती?"

"खोटं सांगे."

रुपचंदाने कपाळाला हात लावला. अर्जातली चारशे वर्षं त्याच्या डोळ्यांदेखत गेली होती. "नाना," तो हळू म्हणाला, "जरासा इचार करीसन बोलता."

जितेंद्र मात्र बसला नाही. "बांधली आपल्या माणसाने, मान्य. पण आकार कुठून आला? मशिदीचाच ना? मग तो परकाच झाला."

"मास्तर," झुलाल म्हणाला, "तुन्हा घरना देव्हारा ज्या कोनाडामा शे, तो कसा शे?"

 उत्तर बायकांच्या बाजूने आलं. जितेंद्रची आई सुमनबाई पदर सावरून उभी राहिली होती. "टोकनाच शे. झिपरूबाबानीच करेल शे. आन् आयक रे जितू, त्या कोनाडाले हात लावा ते परत घरमा पाय ठेवू नको."

हशा पिकला. झुलाल हसला नाही, त्याला धाप लागली होती. "तो साचा पाहीसन बापना हातले त्येच रुळनं. साठ कोनाडा व्हतीन गावमा. तोडाना व्हई ते कोनाडापासून सुरू करा. पयला तुन्हा देव काढ भाईर, मंग वेसकडे ये."

साठ घरांतली माणसं आपापला कोनाडा आठवत बसली. ग्रामसेवकाने ठराव लिहिला. वेस जुनी नाही, सबब वारशाच्या निधीसाठी अर्ज मागे. वेस पाडण्याचा विषय तहकूब. किरकोळ दुरुस्ती पंचायतीने करावी. जितेंद्रने ठरावाच्या विरोधात हात वर केला आणि पुढच्या वर्षी हा विषय पुन्हा आणीन म्हणाला. आणेलही. त्याला पटलं नव्हतं, फक्त आईपुढे बोलता आलं नव्हतं.

"दुरुस्ती कोन करी?" रुपचंदाने विचारलं.

सगळे झुलालकडे बघायला लागले.

"मन्हा पाय..." झुलाल म्हणाला.

"नाना, चुनानं काम शे. दुसरा कोनले येस?"

पंधरा दिवसांनी वेशीला, मधली वाट मोकळी ठेवून, बांबूंची परांची बांधली गेली. खाली भागाबाई गुळाचं पाणी घालून चुना कालवत होती आणि नवऱ्याला तोंडाने झोडत होती. एका शब्दात घरी येता आलं असतं, तिथे महिनाभराचं काम आणलं, तेही ह्या वयात. झुलाल वर बसून सांध्यांतली माती उकरत होता. मधला दगड अजून पक्का होता. थापीने ठोकल्यावर भरीव वाजला. बापाने खोटं सांगितलं होतं, पण दगड नीट बसवला होता.

कपाशीने भरलेली ट्रॉली वेशीत आली आणि डाव्या अंगाला घासून अडकली. परांची हलली. कुंदनने ट्रॅक्टरवरून उतरून भरावाला एक लाथ घातली.

"ह्या झिपरूनी ते..." म्हणत त्याने अशी शिवी दिली की भागाबाईने चुन्याचं फावडं उगारलं. इतकी वर्षं ही शिवी कुणा नाव नसलेल्या सुलतानाला जायची. आता गाव दिवसातून चार-पाच वेळा ती नाव घेऊन घालत होतं. वर मिस्तरी बसलाय हे रागाच्या भरात कुंदनच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याने मान वर केली आणि जीभ चावली.

"नाना, तुम्ही शेतस का वर..."

झुलालने थापी परांचीवर ठेवली, एक लांब श्वास घेतला आणि खाली वाकून बघितलं. उजव्या अंगाला चाक आणि भिंत यांच्यात चार बोटं जागा होती.

"मांगे ले," तो म्हणाला. "उजवीकडे दाब. आखो दाब. हां, आते ये."