सोळावा ठिपका

वंदनाताई मेश्राम यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या सर्व्हरच्या खोलीत गुडघ्यांवर बसून, तोंडात टॉर्च धरून, एका कपाटाच्या मागच्या बाजूचा नंबर वाचत होत्या. हातात लॅपटॉप नव्हता. चौकटींच्या कागदाचं पॅड होतं आणि टोक केलेली पेन्सिल. मला वाटलं, केबल टाकणाऱ्यांपैकी कोणी बाई असतील, म्हणून मी इंग्रजीत विचारलं की वंदना कुठे भेटेल. त्यांनी टॉर्च काढली, माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव वाचलं आणि मराठीत म्हणाल्या, "मीच. पुण्याचा दिसतोस. थोडा थांब, माझी चार अक्षरं राहिली आहेत." मी थांबलो. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी थांबतच आलो, असं मला पुढे बरीच वर्षं वाटत राहिलं.

आमची कंपनी मँचेस्टरच्या एका मोठ्या हॉस्पिटलचे सर्व्हर सांभाळते. त्यांची सगळी माहिती एका सामाईक साठ्यात असते आणि सर्व्हर तिथवर एका स्वतंत्र जाळ्यातून पोचतात. कोणत्या सर्व्हरला साठ्याचं कोणतं दार दिसावं आणि कोणतं दिसूच नये, हे ठरवून देणं म्हणजे झोनिंग. पुण्यात मी हे काम सहा वर्षं केलं होतं. पन्नास झोन दहा मिनिटांत करणारी स्क्रिप्ट माझ्याकडे होती. वंदनाताई आधी दोन दिवस कागदावर आखणी करायच्या. एका झोनमध्ये एकच सर्व्हर, हा त्यांचा हट्ट. मी एकदा सुचवलं की चार सारखे सर्व्हर एकत्र टाकू, वेळ वाचेल. त्या म्हणाल्या, "एक नळ चार घरांत दिला की भांडण पाण्याचं नसते बाप्पा, बादल्यांचं असते. ज्याला त्याला ज्याचा त्याचा नळ दे."

दुसरा हट्ट म्हणजे एका दिवशी एकच बाजू. प्रत्येक सर्व्हरला साठ्याकडे जायला दोन वाटा असतात, एक लाल केबलची, एक निळीची. लाल बाजू बदलली की निळीला आठवडाभर हात लावायचा नाही. मी घाई केली की त्या तळहात पुढे करायच्या. "एका हाताची मेंदी ओली असली तर जेवायला दुसरा मोकळा पाहिजे ना?"

तिसरी गोष्ट ठिपक्यांची. सर्व्हरला साठ्याशी जोडणाऱ्या कार्डावर सोळा अक्षरांचा नंबर असतो, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेली. झोनमध्ये तो लिहिताना एक जरी चुकलं की सर्व्हरला दार सापडत नाही. वंदनाताईंचे वडील नागपुरात घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचायचे. आकडा डोळ्यांनी नाही, पेन्सिलीनं वाचायचा, ही त्यांची शिकवण. म्हणून आमच्याकडे रिवाज असा पडला होता की एकाने कागदावर नंबर लिहायचे, दुसऱ्याने एकट्याने खोलीत जाऊन कार्डाशी ताडायचे, जुळलेल्या प्रत्येक अक्षराखाली ठिपका द्यायचा आणि शेवटी सही करायची. भीमजयंतीला त्या ऑफिसात सगळ्यांना लाडू आणि एकेक पेन्सिल वाटायच्या. मी ठिपके द्यायचो ते त्यांच्याच पेन्सिलीने.

मला त्यांचा हेवा वाटायचा. आडवळणाने कशाला सांगू? ग्रॅहम, आमचा मॅनेजर, माझ्या स्क्रिप्टला "क्लेव्हर" म्हणायचा आणि त्यांच्या कागदाला "लव्हली". क्लेव्हर हे कौतुक नसतं, ते या देशात दोन वर्षं काढल्यावर कळतं. हॉस्पिटलची माणसं फोनवर आधी त्यांनाच मागायची. त्यांचं इंग्रजी नागपूरच्या चालीवर चालायचं, तरी मीटिंगमध्ये त्या बोलू लागल्या की सगळे लिहून घ्यायचे. माझं इंग्रजी नीटनेटकं, आणि मी बोललो की लोक चहाकडे बघायचे. घरी बायको म्हणायची, तू जेवताना रोज त्या ताईंनाच वाढून घेतोस. खोटं नव्हतं.

त्या वसंतात टीम लीडची जागा निघाली. आम्ही दोघेच दावेदार. मला ती जागा हवी होती, इतकी की आईला फोनवर जवळजवळ मिळाल्यासारखंच सांगून बसलो होतो.

त्याच महिन्यात बारा सर्व्हर नव्या साठ्यावर न्यायचे ठरले. कागद वंदनाताईंचा, तपासणी माझी. मी खोलीत गेलो, एकेक कार्ड बघत ठिपके देत गेलो. नवव्या सर्व्हरपाशी पेन्सिल थांबली. कार्डावर बी होता, कागदावर आठ. वंदनाताईंची चूक. त्यांच्या इथल्या पाच वर्षांत कोणी पाहिली नव्हती, ती मी बघत होतो. पंख्यांच्या घोंघाटात मी किती वेळ उभा राहिलो, आठवत नाही. निळी बाजू शाबूत राहणार, रुग्णाचं काही बिघडणार नाही, हा हिशेबही मी केला. मी अगदीच वाईट माणूस नव्हतो, हे स्वतःला पटवायला तो लागतोच. मग उरलेली अक्षरं तपासली, खाली सही केली आणि कागद परत दिला. त्यांनी न बघता फाइलला लावला, कारण सही होती.

मंगळवारी लाल बाजू बदलली. अकरा सर्व्हरना नवा साठा दिसला, नवव्याला दिसला नाही. निळ्या वाटेवर तो चालत होता, त्यामुळे हॉस्पिटलात कोणाला कळलंही नाही, पण काम थांबवावं लागलं आणि पुढची परवानगी आठवड्याने मिळाली. वंदनाताईंनी फाइल उघडली, ते पान बराच वेळ पाहिलं आणि मिटलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ग्रॅहमने विचारलं की काय झालं. मी खुर्चीत सरसावून बसलो. वंदनाताई म्हणाल्या, "नंबर मी चुकीचा लिहिला, चूक माझी." ग्रॅहम माझ्याकडे वळला, पण तपासलं तर तू होतंस ना? मी तोंड उघडायच्या आत त्याच पुन्हा म्हणाल्या की मुळात कागद माझा होता, तपासणारा नंतर येतो. एवढं बोलून त्यांनी आठवड्याचं नवं वेळापत्रक समोर ठेवलं.

जागा त्यांनाच मिळाली. चूक अशी पदरात घेणारं माणूस हवं, असं ग्रॅहम मला समजावून म्हणाला. मी लावलेल्या सापळ्यात मीच त्यांच्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती. त्या दिवशी मी ट्राम सोडून घरापर्यंत चालत गेलो आणि वाटभर त्यांना शिव्या घातल्या, त्यांचा काडीचा दोष नसताना.

पुढची दोन वर्षं त्यांचा प्रत्येक कागद तपासायला माझ्याकडेच आला. टीममध्ये आणखी तिघं होते, तरी माझ्याकडेच. मी धरून चाललो की त्यांना काही कळलेलं नाही. मनात थोडा हसायचोसुद्धा. पण तपासायचो मात्र नीट, पुन्हा कधी अक्षर सोडलं नाही.

मग त्यांच्या लेकीला बाळ झालं आणि त्या नोकरी सोडून लेस्टरला तिच्याजवळ गेल्या. जाताना ग्रॅहमला माझं नाव सुचवलं आणि फाइल माझ्या टेबलावर ठेवली. "सांभाळ," एवढंच म्हणाल्या.

खुर्चीत बसल्यावर पहिल्याच दिवशी मी ती फाइल काढली. ते पान सापडलं. नवव्या सर्व्हरच्या नंबराखाली माझे पंधरा ठिपके होते. आठच्या खाली मी ठिपका दिलाच नव्हता. सही दिली होती, आणि ठिपका नाही, आणि हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. आठ खोडून तिथे वंदनाताईंच्या अक्षरात बी लिहिलेला होता, आणि त्याखाली सोळावा ठिपका त्यांनी दिला होता. त्या मंगळवारची तारीख घालून.

मी लेस्टरला फोन लावला. मागे बाळ रडत होतं. मी म्हणालो, "ताई, तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?"

"हो. पान पाहिलं ना मी."

"मग ग्रॅहमला का नाही सांगितलं? मला तरी बोलायचं होतंत."

"बोलली असती तर तू पळून गेला असता. मले तपासणारा माणूस पाहिजे होता."

"पण मी तर खोटी सही केली."

"सही खोटी होती. हाताले मात्र तुझ्या खोटा ठिपका देता आला नाही. तेवढं पुरे होतं मले." मग त्या बाळाशी बोलू लागल्या आणि फोन लेकीकडे गेला.

मला वाटलं होतं, आता तरी हेवा संपेल. संपला नाही. खुर्ची माझ्याकडे आहे, ग्रॅहम माझ्या कागदांनाही आता लव्हली म्हणतो. पण ती दोन वर्षं मनातून जात नाहीत. सगळं माहीत असून त्या रोज माझ्यापुढे नवा कागद ठेवत होत्या आणि परत घेताना ठिपके न मोजता फक्त सही बघत होत्या. तेवढं मन मला कुठून आणता येईल, ते काही कळत नाही.