खिडकीकाकूंनी लेट सोडलेली गाडी

अनुदानाचा अर्ज खिडकीच्या गजांतून वाचून दाखवायला लावणारी बाई तुम्ही पाहिलीय? मी पाहिलीय. नुसती पाहिली नाही, त्या खिडकीबाहेर उभं राहून माझे पाय दुखलेत! सिडकोतल्या ज्या समाजमंदिरात आमच्या नाटकाच्या तालमी चालायच्या, तिथल्या स्वयंपाकघराला एक गजांची खिडकी होती. काकू आत खुर्ची टाकून बसायच्या, आम्ही बाहेर. "हं, बोल," म्हणायच्या. सागरदादा, म्हणजे आमचा दिग्दर्शक, घसा खाकरून सुरू करायचा, "सदर नाट्यकृतीच्या माध्यमातून..." की लगेच आतून आवाज, "अरे, मागे लाइन लागलीय! कुठं जायचंय ते बोल!"

काकूंची सगळी नोकरी इगतपुरीच्या तिकीट खिडकीवर झाली. रिटायर होऊन नाशकात आल्या, एकदा आमच्या प्रयोगाला आल्या, तिकिटांच्या टेबलावर आमची उडालेली तारांबळ पाहिली, "सरका" म्हणाल्या आणि बसल्या त्या बसल्याच. खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते कुणी वापरलंच नाही. आमच्यासाठी त्या खिडकीकाकू. आणि मी त्यांच्यासाठी एक्सप्रेस. कारण मी बोलते भरभर, टाइप त्याहून भरभर, म्हणून अर्ज टाइप करायचं काम कायम माझ्याकडे. "अगं एक्सप्रेस," त्या म्हणायच्या, "मधे एखादं स्टेशन घे की. पूर्णविराम नावाचं स्टेशन असतं बाई!"

आता हा अर्ज एवढा महत्त्वाचा का होता, ते सांगते. आमचं नाटक होतं दोन जावांच्या भांडणाचं. धमाल नाटक! पण शहरात थोडे प्रयोग झाले की प्रेक्षक संपायचे, कारण प्रेक्षक म्हणजे आमचेच आईबाबा, मावश्या आणि कॉलेजातले मित्र, आणि मावशी तरी तेच भांडण किती वेळा बघणार? आम्हाला ते बाहेर न्यायचं होतं. सायखेड्याला, वणीला, सुरगाण्याकडच्या पाड्यांवर. त्यासाठी टेम्पो, लाइट, साउंड सगळं लागणार, आणि आमच्याकडे होता फक्त उत्साह. सरकारी अनुदान मिळालं तर दौरा. नाही मिळालं तर सेट कुणाच्या तरी गच्चीवर आणि नाटक बंद. इतकं सरळ होतं.

सागरदादाचा पहिला मसुदा मला अजून पाठ आहे. 'ग्रामीण भागातील सांस्कृतिक पोकळी भरून काढणे' असं त्यात लिहिलं होतं. काकूंनी गजांतून हात बाहेर काढून कागद ओढूनच घेतला.

"पोकळी? तू पाहिलीस पोकळी?"

"काकू, असं लिहावं लागतं."

"तिथं भजनी मंडळं आहेत, भारूड आहे, यात्रेत तमाशा येतो. पोकळी आपल्या हॉलमधे असते राजा, तिसऱ्या रांगेच्या मागे!"

आम्ही सगळे इतके हसलो की सागरदादालाही हसावं लागलं. मग काकूंनी त्यांचे ठरलेले प्रश्न विचारले. कुठून? कुठं? कधी? किती जण? खिडकीवर माणूस कितीही मोठा येऊ दे, मंत्र्याचा मेहुणा येऊ दे, त्याला याच प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात, असं त्यांचं म्हणणं. "एवढं कळलं की तिकीट फाटलं. बाकी सगळी बडबड." मी टाइप करत गेले, त्या खोडत गेल्या. शेवटी अर्ज एवढासा झाला, आणि मला आतून वाटत होतं की हे काही मंजूर होत नाही.

झाला की हो मंजूर! पण एक अट होती. पहिला प्रयोग बघायला कार्यालयातून एक साहेब येणार आणि त्यांचा शेरा चांगला आला तरच पुढचे प्रयोग. पहिला प्रयोग सायखेड्याला. वेळ संध्याकाळी सात. ही वेळ काकूंनी टाकली होती, आणि काकूंनी वेळ टाकली म्हणजे तिच्यावर बोलायचं काम नाही.

कारण वेळेच्या बाबतीत त्या म्हणजे कहर होत्या. नाशकातल्या प्रयोगांना त्या दाराशी घड्याळ घेऊन उभ्या राहायच्या. काटा जागेवर आला की आत बघून म्हणायच्या, "सोड गाडी!" की तिसरी घंटा आणि दार बंद. एकदा खुद्द सागरदादाची आई बाहेर राहिली होती. ती दार वाजवतेय आणि काकू आतून सांगतायत, "ताई, पुढची गाडी मध्यंतरानंतर!"

तर सायखेडा. मारुतीच्या देवळासमोरचं पटांगण. आम्ही दुपारीच पोचून सेट लावला, लाइट टांगले, मेकअप केला. सात वाजायला आले. साहेब आले. एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. आणि पटांगणात दुसरं कोण होतं माहितीये? एक आजोबा, आणि त्यांची दोन कुत्री. बस्स! मी थोरल्या जावेच्या नऊवारीत विंगेतून डोकावत होते. साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं.

"मॅडम, प्रेक्षक?"

काकूंचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. त्यांनी घड्याळ बघितलं. पटांगण बघितलं. परत घड्याळ बघितलं. सागरदादा घंटेजवळ उभा होता, त्यांच्या इशाऱ्याची वाट बघत. काकू म्हणाल्या, "थांब. सिग्नल नाही मिळाला."

आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. काकू थांब म्हणाल्या?

"साहेब, चला जरा," त्या म्हणाल्या, "प्रेक्षक कुठं अडकलेत ते बघून येऊ." आणि साहेबांना उठवून चालायलाच लागल्या. मीही मागून धावले, तशीच, नऊवारीत, नथ सावरत.

कोपऱ्यावर दूध डेअरी होती. तिथं ही लाइन! आख्खं गाव तिथं होतं. बायका, बाप्ये, हातात दुधाच्या किटल्या, काहीजण तर अजून मागून येतच होते. काकू एका बाईजवळ गेल्या.

"नाटक आहे ना आज, आला नाहीत?"

"नाटक सातला ठिवलंय ना तुम्ही!" ती बाई म्हणाली. "सातला कोण मोकळं ऱ्हातंय बाई? म्हैस काय घड्याळ बघून पान्हा सोडती का?"

लाइन खो खो हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हशीला पाठवा म्हनाव नाटकाला, आपन धारा काढू!" आणि सगळ्यात जोरात कोण हसलं असेल? साहेब!

काकूंनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. त्या गंभीर चेहऱ्यानं त्या बाईला म्हणाल्या, "चुकलं आमचं. न विचारता टाइम टेबल लावलं. दूध घालून या, तोवर थांबतो."

"लय येळ नाय लागायचा," बाई म्हणाली. "निस्तं आमच्याबिगर सुरू करू नका."

परत येताना साहेबांनी विचारलं, "मॅडम, पण अर्जात तर सात लिहिलंय. मी शेऱ्यात काय लिहू?"

"जे बघाल ते लिहा," काकू म्हणाल्या. "फक्त आत्ताच लिहू नका."

मग त्यांनी साहेबांना देवळाच्या पायरीवर चहा दिला आणि स्वतः पटांगणाच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. हळूहळू पटांगण भरायला लागलं. बायका डेअरीवरून थेट आल्या, किटल्या मांडीशी घेऊन बसल्या. देवळाची पायरी भरली, ओटे भरले, शेजारच्या गच्चीवर पोरं चढली. सागरदादा तिकडून घंटा उचलून दाखवतोय आणि काकू मान हलवतायत, "भरू दे अजून." डेअरीवर भेटलेली ती बाई आली, पुढे बसली, पदर सावरला. तेव्हा कुठे काकूंनी हात वर केला.

"सोड गाडी!"

काय प्रयोग झाला! मी धाकटीचं उलथनं लपवते तो प्रवेश सुरू झाला, तर पुढून एक बाई शेजारणीला म्हणाली, "बघ गं, तुझ्या थोरलीचं कुनी सांगितलं यांना?" आणि पटांगण असं फुटलं की मला पुढचं वाक्य बोलताच येईना. शहरात त्या प्रवेशाला आमच्या मावश्या नुसत्या गालात हसायच्या!

साहेबांचा शेरा नंतर कळला. प्रयोग उशिरा सुरू झाला, पण शेवटपर्यंत एकही प्रेक्षक उठला नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढचे सगळे प्रयोग मिळाले. वणी झालं, पाडे झाले. पण त्याआधी काकूंनी प्रत्येक गावाला जायचं ठरवलं, आणि आम्हालाही नेलं. त्यांच्या ठरलेल्या प्रश्नांत एक नवीन आला होता, "तुम्ही मोकळे कधी होता?" पुढच्या वर्षीच्या अर्जात मी सायखेड्याच्या वेळेसमोर त्यांच्या सांगण्यावरून टाइप केलं, 'संध्याकाळच्या धारा काढून, दूध घातल्यावर.' सागरदादा म्हणाला, "काकू, हसतील." काकू म्हणाल्या, "हसू देत. त्या साहेबांना कळेल."

गेल्या वर्षी काकू मुलीकडे भुसावळला राहायला गेल्या. गुडघे दुखायचे, एकटं जमेना. नाशिक रोड स्टेशनवर आम्ही सगळे गेलो होतो, मी रडणार असं ठरलेलंच होतं, तर गाडीच्या खिडकीतून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इतकी वर्षं खिडकीतून दुसऱ्यांना गाडीत बसवलं, आज मीच बसलेय गं. बरं वाटतंय!" मी हसले आणि मग रडले.

आता अर्ज मी लिहिते. समाजमंदिराच्या त्या खिडकीत फोन उभा करून ठेवते, स्पीकर लावते आणि बाहेर उभी राहून वाचते. मधेमधे "स्टेशन!" असा आवाज येतोच.

परवा सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर प्रयोग होता. त्या दिवशी आठवडी बाजार, म्हणून वेळ ठेवली होती लोक बाजारातून घरी परतल्यावरची. शेवटची जीप येऊन थांबली, लोक पिशव्यांसकट पटांगणात येऊन बसले, आणि घंटा माझ्या हातात होती. तेवढ्यात फोन वाजला.

"भरली का?"

मी फोन नुसता पटांगणाकडे धरला. पोरांचा कलकलाट, पिशव्यांची सळसळ, कुणीतरी कुणालातरी "सरक की जरा" म्हणतंय, सगळं त्यांना ऐकवलं. मग फोन परत कानाला लावला.

"भरलीय की चांगली," काकू म्हणाल्या. "मग वाट कुणाची बघतेस, एक्सप्रेस? सोड!"