दादाचं खाकरणं

माझा दादा कुलपं दुरुस्त करायचा. बाजाराच्या तोंडाशी टपरी, आणि स्वभाव असा हट्टी की विचारू नका. किल्ली हरवलेल्याच्या घरी गेला तरी आधी दार वाजवून "उघडतोय हं" असं सांगणार, मगच हत्याराला हात लावणार. घरमालक कपाळाला हात लावून म्हणायचा, अहो, आत कुणीच नाही. दादा ऐकेल तर ना.

मग आपल्याच माणसांची आपसांत जुंपली आणि सरकारनं बाहेरच्या देशाचं सैन्य मदतीला बोलावलं. ते झडतीला आले की लाथांनी दारं फोडायचे. त्या आवाजानं लोक पळून जायचे. म्हणून त्यांनी दादाला धरून नेलं, गुपचूप कुलपं उघडायला. नाही म्हणायची सोय होती कुठे? नाही म्हटलं तर बंडखोरांचा, गेला तर परक्यांचा. बोलायला बंदी, म्हणून हा दाराशी जाऊन मोठ्यांदा खाकरायचा. परक्यांना वाटे, म्हाताऱ्याचा घसा खराब आहे. गल्लीला मात्र ते खाकरणं पाठ झालं. कितीतरी जण तेवढ्यात मागून सटकले, पण त्याची जाण कुणाला? टपरीवर गिऱ्हाईक फिरकेना. मीही त्याला ताडताड बोलले, की तुझ्यापायी मला नळावर कुणी उभं करत नाही. तो म्हणाला, मग दाजींना पाठव, नाहीतरी रिकामेच बसलेत.

काय बोलावं ह्या माणसाला! माझा नवरा सरकारी फौजेतून पळून आलेला, आमच्या माळ्यावर लपलेला. हे फक्त आम्हा तिघांना माहीत.

एका दुपारी ते खाकरणं आमच्याच दाराशी आलं. ह्यांचा पाय अधू, माळ्यावरून गच्चीत आणि तिथून पलीकडच्या गच्चीवर जायला वेळ लागणार. आणि आमचं कुलूप दादानंच बसवलेलं, डोळे मिटून उघडेल असं. मी दाराला कान लावून उभी राहिले. खुटखुट चालली होती, थांबतच नव्हती. बाहेर कुणीतरी खेकसलं. मग कुलपात काहीतरी मोडल्याचा आवाज आला.

"तार मोडली गं," दादा हळूच म्हणाला.

मग फटक्यांचे आवाज आले. दार फोडून ते आत शिरले तोवर माळा रिकामा होता. दादाच्या हातून कधी काही मोडत नाही, हे त्यांनाही ठाऊक झालं होतं. त्याला घेऊन गेले. मला त्याच्या तोंडाकडे नीट बघताही आलं नाही.

पुढे तह झाला, परके गेले. दादा आला नाही. सरकार तेच आहे आणि पळालेल्या शिपायांना अजून भिंतीशी उभं करून गोळ्या घालतं. हे पुन्हा माळ्यावर आहेत. गल्ली म्हणते, कुलूपवाला परक्यांबरोबर गेला, तिकडे मजेत असेल. माझा जीव तुटतो. पण त्यानं कुलूप मुद्दाम अडकवलं असं सांगितलं, तर कुणासाठी, हे कोणीही विचारेल.

काल नळावर शेजारीण म्हणाली, "तुझा भाऊ गेला ते बरंच झालं. पीडा टळली."

"हो ना," मी म्हणाले.

हंडा भरून घरी आले. आत ह्यांना कळावं म्हणून दाराशी खाकरले, आणि दार उघडलं.