राजाजीनगर सोडून आलेल्या अक्का

होसकोट्याच्या बाजारात मी आईशी फोनवर बोलत उभी होते. मला सातवा महिना चालू होता, पाठ भरून आली होती, आणि आई पुण्याहून मला दोडकी कोवळी कशी ओळखायची ते सांगत होती. बोलणं संपवून फोन पर्समध्ये टाकला, तेवढ्यात मागून कुणीतरी माझं मनगट धरलं.

"मराठी बोलतीस की गे तू!"

वळून पाहिलं तर साठी ओलांडलेल्या एक बाई. हिरवं सुती लुगडं, केसांचा घट्ट अंबाडा, हातात कोथिंबिरीची जुडी. मी हो म्हटलं, तरी त्यांनी मनगट सोडलं नाही. "अजून बोल," म्हणाल्या, "काय पण बोल."

मग त्यांनीच विचारलं, "तिंडी झाली?"

मला कळलं नाही. त्या हसल्या. "नाश्ता गे, नाश्ता. आमची मराठी अशीच, अर्धी कानडी. चारशे वर्षं झाली आमच्या लोकांना इकडे येऊन. पण मराठीच आहे ती."

ही माझी आणि भाग्यलक्ष्मी अक्कांची पहिली भेट. जितेंद्रला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, व्हाइटफील्डच्या एका कंपनीत नोकरी लागली तेव्हा आम्ही घर होसकोट्यात घेतलं होतं. शहराबाहेर, मोकळी हवा, ऑफिस अर्ध्या तासावर, असं आम्हाला सांगितलं होतं. अर्धा तास रविवारी लागायचा. बाकीचे सहा दिवस तो सकाळी सातला बाहेर पडायचा आणि परत यायचा तेव्हा त्याच्यात बोलायची ताकद उरलेली नसायची. दिवसभर मी एकटी. त्यामुळे अक्कांनी घराचा पत्ता विचारला तेव्हा मी लगेच सांगून टाकला.

अक्कांचं सगळं आयुष्य शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, राजाजीनगरात गेलेलं. तिथल्या एका छोट्या बाळंतपणाच्या दवाखान्यात त्या एकतीस वर्षं आया होत्या. जन्मलेलं मूल पुसून, गुंडाळून आईच्या कुशीत द्यायचं, पहिली अंघोळ घालायची, घाबरलेल्या पोरीचा हात धरून उभं राहायचं, हे त्यांचं काम. नवरा खंडोजी छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी होते. ते गेले, आणि पुढच्याच वर्षी घरमालकाने जुनं घर पाडून पाच मजले चढवायचे ठरवले. मुलगा विराट होसकोट्याच्या कारखान्यात सुपरवायझर होता. त्याने इथे साइट, म्हणजे प्लॉट, घेऊन घर बांधलं. चाळीस वर्षं भाड्याच्या माडीवर राहिलेल्या अक्कांना स्वतःचं अंगण मिळालं, विहिरीसारखं गोड पाणी देणारी बोअर मिळाली, पूर्वेला खिडकी असलेली खोली मिळाली.

"सगळं आहे गे," त्या म्हणायच्या. "सून सौम्या तर सोनं आहे. पण ती कानडी बोलणार, विराट पण तिच्याशी बोलून बोलून कानडीच बोलणार. मी मराठीत विचारलं तर उत्तर कानडीत. आणि बाहेर पडले तर मला ओळखतंय कोण? तिकडे दूध आणायला गेले तर तास लागायचा. दारादारात उभं करायचे. अक्का, बाळाचं पोट दुखतंय. अक्का, सुनेला दूध उतरत नाही. इथे दोन मिनिटांत दूध घेऊन येते."

माझ्या बाळंतपणाला आई आली, पण पाच आठवड्यांनी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि तिला परतावं लागलं. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दारात अक्का. पदर खोचलेला, हातात एरंडेलाची बाटली.

"पाणी तापव. मोठ्या पातेल्यात. आणि तू बाणंती आहेस, डोक्याला फडकं बांध आधी."

बाळंतिणीला त्या बाणंती म्हणायच्या. मी फडकं बांधलं.

न्हाणीघरात पाटावर बसून त्यांनी पाय लांब केले, लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं आणि माझ्या मनस्विनीला पालथं पायांवर घेतलं. माझ्या आईच्या हातात रोज घर डोक्यावर घेणारी पोर एकदा कुरकुरली आणि गप्प झाली. तेलाचा हात पाठीवरून टाचेपर्यंत एका लयीत फिरत होता, आणि तोंडाने अक्का तिच्याशी बोलत होत्या. गाणं वगैरे नाही, नुसत्या गप्पा. आज सौम्याने उप्पीट केलं, मीठ जास्ती पडलं, मी काही बोलले नाही. तुझे आजोबा असते तर बोलले असते. त्यांना जिभेवर मीठ कळायचं. हं, आता कान. स्वल्प दम धर, झालं. झालं गे माझी राणी.

त्यानंतर त्या रोज येत राहिल्या. मी काही देऊ केलं की रागवायच्या. "तू बोलत बस माझ्याशी. तेवढं पुरे." मग सांब्राणीची, म्हणजे धुपाची, धुरी देऊन बाळ झोपलं की आम्ही चहा घेऊन बसायचो आणि त्या राजाजीनगर सांगायच्या. राममंदिरामागची गल्ली. कोपऱ्यावरचं पद्मनाभ यांचं औषधांचं दुकान. समोरच्या माडीवरची वसुमती, जिच्याशी त्या चाळीस वर्षं खिडकीतून खिडकीत बोलल्या. वसुमतीसुद्धा त्यांच्यातलीच, जुन्या मराठी घरातली. ऐकून ऐकून मला ती गल्ली पाठ झाली.

"एकदा जायचं," त्या म्हणायच्या. विराटला सुट्टी मिळायची नाही, शाळेत शिकवणाऱ्या सौम्यालाही रजा नसायची. मनू पाच महिन्यांची झाली तेव्हा मीच म्हटलं, "चला अक्का, आपण तिघी जाऊ."

त्या दिवशी अक्कांनी रेशमी साडी नेसली होती. के. आर. पुरमपर्यंत बस, पुढे मेट्रो, मॅजेस्टिकला बदलून राजाजीनगर. मेट्रोत त्या खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. स्टेशनवर उतरल्यावर मात्र मला त्यांच्यामागे जवळजवळ पळावं लागलं.

दवाखान्याच्या जागी रक्त तपासायची लॅब झाली होती. अक्कांनी पायरीपाशी थांबून आत पाहिलं आणि पुढे निघाल्या. औषधांच्या दुकानात पद्मनाभ होते. "भाग्यक्का!" म्हणून ते गल्ल्यावरून उठूनच बाहेर आले आणि दोघं पाच मिनिटं कानडीत एकमेकांच्या तब्येतीबद्दल बोलले. अक्कांचा चेहरा उजळला. मला वाटलं, चला, येणं सार्थकी लागलं.

वसुमती अक्कांची माडीही आता राहिली नव्हती. नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांना फ्लॅट मिळाला होता. त्यांनी दार उघडलं, आणि दोघी दारातच एकमेकींना धरून इतका वेळ उभ्या राहिल्या की मनू माझ्या कडेवर चुळबुळ करू लागली.

आत सगळं चकचकीत होतं. खिडक्या बंद. अक्का सवयीने खिडकी उघडायला गेल्या.

"नको गे, धूळ येते," वसुमती अक्का म्हणाल्या. "समोर पण बांधकाम चाललंय. दीड वर्ष झालं, उघडली नाही."

"मग बोलतीस कुणाशी?"

"कुणाशी बोलू? मुलगा-सून कामावर. नातू शाळेतून आला की इंग्लिश. खाली उतरले तर सगळे नवीन लोक, एकाचं नाव माहीत नाही. तू गेल्यापासून मराठी बोललेच नाही म्हण ना. मधे एकदा विहीण आली होती, तेवढंच." मग हसून म्हणाल्या, "तुझं बरं आहे भाग्या. अंगण आहे, वारा आहे, ही पोरगी आहे बोलायला. मी रोज म्हणते, भाग्या सुटली."

अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या.

जेवण झालं, जुन्या गोष्टी निघाल्या, दोघी हसल्या, रडल्या. निघताना वसुमती अक्कांनी मला हळदकुंकू लावलं आणि अक्कांना "राहा की दोन दिवस" म्हणाल्या. पण कुठे राहायचं, हे दोघींनाही माहीत नव्हतं. त्या फ्लॅटमध्ये नातवाच्या अभ्यासाच्या खोलीत वसुमती अक्कांची स्वतःची खाट कशीबशी बसवलेली होती.

परतीच्या मेट्रोत अक्का खिडकीशी बसल्या नाहीत. मनूला मांडीवर घेऊन तिच्या पायाची बोटं मोजल्यासारखी दाबत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी रोज मनात त्या गल्लीतून चालून येते, भूमी. सकाळी उठल्यावर, तिंडी करताना. पण त्यात वसुमती अशी खिडकी बंद करून बसलेली नसते."

त्यानंतर त्यांनी राजाजीनगरचं नाव घेणं कमी केलं. विषय निघाला तर बोलायच्या, पण स्वतःहून नाही.

आणि मग आमचंच ठरलं. रोजच्या तीन-साडेतीन तासांच्या प्रवासाने जितेंद्रची तब्येत ढासळली होती. त्याच्या ऑफिसजवळ घर मिळत होतं. मला कळत होतं की जायला हवं. पण अक्कांना सांगायचं कसं? चार दिवस गेले. पाचव्या दिवशी न्हाणीघराच्या दारात उभी राहून मी एकदाचं सांगून टाकलं.

त्यांचे हात थांबले नाहीत. मनूच्या पाठीवर फेस होता, तो त्या चोळत राहिल्या.

"सरी, बरं," त्या म्हणाल्या. "पाणी घाल."

मी तांब्याने पाणी घातलं. ते जास्त गरम होतं की काय कोण जाणे, त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "तिकडे हिला न्हाऊ कोण घालणार?"

"मी घालीन."

"तुला येतं कुठे? उद्यापासून तू बस पाटावर."

शेवटचे दहा दिवस त्यांनी मला शिकवलं. माझे पाय लांब केले, त्यांच्यामधल्या खळग्यात बाळ कसं ठेवायचं ते दाखवलं. मी नुसत्या बोटांच्या टोकांनी तेल लावायचे. "ती तुझीच आहे, काचेची नाही," त्या ओरडायच्या. "आणि तोंड बंद ठेवून अंघोळ घालतीस काय? बोल तिच्याशी. हात कुठे जाणार ते बाळाला आवाजावरून कळतं." मी बोलायला लागले. सुरुवातीला लाज वाटली. पुढे वाटेनाशी झाली.

आता आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. नळाला गरम पाणी येतं, खाली बाग आहे, जितेंद्र संध्याकाळी घरी असतो. माझ्या मजल्यावर चार दारं आहेत आणि सहा महिन्यांत त्यातलं एकही माझ्यासमोर उघडं राहिलेलं नाही. सकाळचे आठ वाजले की माझा कान उगाच बेलकडे जातो.

मागच्या रविवारी जितेंद्रच्या ऑफिसमधल्या मित्रांनी होसकोट्याची बिर्याणी खायला पहाटे जायचं ठरवलं. शहरातली निम्मी जनता त्यासाठी तिथे रांग लावते. आम्हीही त्यांच्याबरोबर गेलो. जितेंद्र आणि ते रांगेत उभे राहिले आणि मी मनूला घेऊन अक्कांकडे गेले.

अक्का घरी नव्हत्या. सौम्या म्हणाली, "मागच्या लाइनीतल्या खोल्यांत असतील. आता रोजचंच झालंय."

मागे कारखान्यातल्या कामगारांच्या एकेक खोलीची रांग होती. कुणी ओडिशाचं, कुणी बिहारचं, कुणी रायचूरचं. एका खोलीबाहेर मोरीपाशी अक्का पाटावर बसल्या होत्या, पाय लांब केलेले, पायांवर दीड-दोन महिन्यांचं काळंसावळं बाळ. शेजारी त्याची आई, वीस-एकवीस वर्षांची, हातात तांब्या घेऊन. तिला कानडी येत नव्हती, अक्कांना उडिया येत नव्हती. अक्का मराठीत बोलत होत्या. हं, आता मान. शाणा रे शाणा. काल रात्री आईला झोपू दिलं नाहीस म्हणे?

मला बघून त्यांचा चेहरा फुलला, पण हात चालूच राहिले.

"अक्का, ह्याला मराठी कुठे कळते?" मी विचारलं.

"बाळाला अजून कुठली भाषा असते?" त्या म्हणाल्या. "मग मी माझी बोलते. या लाइनीत चार आहेत. पुढच्या महिन्यात अजून एक."

बाळाला पुसून आईकडे दिल्यावर त्यांनी ओल्या हातांनीच मनूसाठी हात पुढे केले. मनूने त्यांच्याकडे पाहिलं, ओठ काढला आणि माझ्या मानेत तोंड खुपसून रडायला लागली. मी म्हटलं, झोपेत आहे, भूक लागली असेल. अक्कांनी हात मागे घेतले.

"रडू दे," त्या म्हणाल्या. "लहान आहे. न्हाऊ कोण घालतं, तूच ना? बोलतीस तिच्याशी?"

"बोलते, अक्का."

"मग झालं."

रस्त्यावरून जितेंद्रने हॉर्न दिला. ऊन चढायच्या आत निघालो तर गाड्या कमी लागतील, असं त्याचं म्हणणं होतं. मी त्यांच्या पाया पडले. त्यांच्या हाताला अजून एरंडेलाचा वास होता. गाडीत बसून मागे पाहिलं तेव्हा अक्का पाट उचलून पुढच्या खोलीकडे निघाल्या होत्या. तिथे दारात कुणीतरी वाफाळणारं पातेलं आणून ठेवलं होतं.